चूर्णाला विटेचा निकष

औषधी वनस्पतींतला नैसर्गिक किरणोत्सार मोजणाऱ्या संशोधकांना, आणि त्यांचे शोधनिबंध तपासणाऱ्या परीक्षकांना,

स. न. वि. वि.

गॅमा वर्णपटमापीसमोर माझ्या नोकरीची बहुतेक वर्षे गेली. नमुना भरायचा, डबा शिशाच्या विहिरीत ठेवायचा, वरचे जड झाकण ओढायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन रात्रभरात आलेखावर कोणत्या द्रव्याची शिखरे उगवली ते पाहायचे. माती, खत, सिमेंट, राख, पाणी, आणि अधूनमधून मुळ्या, साली, पाने. आता ते काम हातात नाही, पण वाचायची सवय सुटलेली नाही. औषधी वनस्पती आणि त्यांच्या मुळाशी असलेली माती यांवरचे निबंध हाती लागतील तेवढे वाचतो. ते पुष्कळ निघतात आणि बरेचसे एकाच साच्यातून काढल्यासारखे असतात. हे पत्र त्या साच्याबद्दल आहे.

साचा तुम्हाला पाठ आहे. वनस्पती गोळा करायच्या, वाळवायच्या, दळायच्या, डब्यात भरून मोजायच्या. रेडियम-२२६, थोरियम-२३२ आणि पोटॅशियम-४० असे तीन रकाने भरायचे. मग त्या तीन आकड्यांवरून रेडियम-तुल्य क्रियाशीलता, बाह्य धोका निर्देशांक, अंतर्गत धोका निर्देशांक, हवेतील मात्रादर आणि आयुष्यभरातला कर्करोगाचा वाढीव धोका काढायचा. शेवटी लिहायचे की सर्व मूल्ये मर्यादेच्या आत आहेत, सबब या वनस्पती वापरण्यास सुरक्षित आहेत. त्या शेवटच्या वाक्याशी माझे भांडण नाही, बहुतेक वेळा ते खरेच असते. पण त्याच्याआधीच्या आकडेमोडीचा आणि त्याचा काही संबंध नसतो. उत्तर बरोबर आणि रीत चूक असली की शाळेतही गुण कापतात.

रेडियम-तुल्य क्रियाशीलतेचेच घ्या. रेडियमचा आकडा, त्यात थोरियमचा १.४३ पट, पोटॅशियमचा ०.०७७ पट, आणि बेरीज किलोला ३७० बेकेरेलच्या खाली हवी (बेकेरेल म्हणजे सेकंदाला एक अणुक्षय). हे सूत्र तुम्ही बेरेटका आणि मॅथ्यू यांच्या १९८५ च्या निबंधाचा हवाला देऊन लिहिता. तो निबंध ऑस्ट्रेलियातल्या बांधकाम साहित्याबद्दल आणि औद्योगिक टाकाऊ मालाबद्दल आहे. विटा, राख, जिप्सम. अशा मालाच्या भिंतींत राहणाऱ्या माणसाला बाहेरून किती गॅमा किरण लागतील, याचा तो हिशोब. सूत्रामागचे गृहीत असे की ३७० बेकेरेल रेडियम, २५९ बेकेरेल थोरियम आणि ४,८१० बेकेरेल पोटॅशियम यांच्यापासून गॅमाची मात्रा सारखीच मिळते. आता हा निकष चूर्णाला लावून बघा. नुसत्या पोटॅशियमच्या जोरावर एखादी वनस्पती या परीक्षेत नापास व्हायची, तर तिच्यात किलोला ४,८१० बेकेरेल पोटॅशियम-४० पाहिजे. एक ग्रॅम नैसर्गिक पोटॅशियममध्ये साधारण ३१ बेकेरेल असतात. म्हणजे त्या एक किलो वाळलेल्या पाल्यात १५५ ग्रॅम पोटॅशियम हवे. सुक्या पाल्यात ते साधारणपणे शेकडा एक ते तीन असते. ज्या परीक्षेत कुणी नापासच होऊ शकत नाही, ती घेऊन आपण काय सिद्ध केले?

हवेतल्या मात्रादराची तर गंमतच आहे. रेडियमला ०.४६२, थोरियमला ०.६०४, पोटॅशियमला ०.०४१७ हे गुणक जमिनीपासून एक मीटर उंचीवरचे आहेत आणि खाली चारी दिशांना पसरलेली माती त्यांत धरलेली आहे. ते पानांच्या भुकटीला लावले की चित्र असे उभे राहते: माणूस चूर्णाच्या अथांग मैदानावर उभा आहे, आणि वर्षाचा पाचवा हिस्सा तिथेच उघड्यावर काढतो आहे. तो पाचवा हिस्साही तुम्ही ०.२ म्हणून इमानेइतबारे गुणता. औषध तो खातो की नाही, खात असेल तर किती, याचा या गणितात पत्ताच नाही.

मुद्दा गिळण्याचा आहे. एखादी व्यक्ती रोज पाच ग्रॅम चूर्ण घेते असे धरू. वर्षाला ते जवळपास १.८ किलो होते. त्यात किलोला ६०० बेकेरेल पोटॅशियम-४०, ३ बेकेरेल रेडियम-२२६ आणि २० बेकेरेल पोलोनियम-२१० आहे, असेही धरू. हे आकडे कुठल्या विशिष्ट वनस्पतीचे नाहीत, गणित कसे चालते ते दिसावे म्हणून घेतले. बेकेरेलवरून शरीराला मिळणारी मात्रा काढायचे आंतरराष्ट्रीय किरण संरक्षण आयोगाचे प्रौढांसाठीचे गुणक लावले, तर पोटॅशियमपासून वर्षाला सुमारे ७ मायक्रोसिव्हर्ट (सिव्हर्ट हे मात्रेचे एकक) मिळतात, रेडियमपासून दीड, आणि पोलोनियमपासून ४४. बेकेरेल मोजले तर शेकडा ९६ हून अधिक पोटॅशियमचे, आणि मात्रा बहुतेक सगळी पोलोनियमची. कारण उघड आहे. गिळलेल्या एका बेकेरेलमागे पोलोनियम-२१० जी मात्रा देते, ती पोटॅशियम-४० च्या जवळजवळ १९० पट असते.

पोटॅशियमचे ते ७ मायक्रोसिव्हर्टही खरे तर कागदावरचेच. शरीर आपले पोटॅशियम ठरावीक पातळीवर राखते, जादा आले की मूत्रातून बाहेर टाकते. प्रौढ माणसाच्या अंगात सुमारे १४० ग्रॅम पोटॅशियम असते, म्हणजे चार हजारांहून जास्त बेकेरेल, आयुष्यभर, औषध घेतले तरी आणि न घेतले तरी. त्यापासून मिळणारी मात्रा वर्षाला ०.१७ मिलिसिव्हर्टच्या आसपास राहते. चूर्णातल्या पोटॅशियमने त्यात भर पडत नाही. तरीही तुमच्या निबंधांत सर्वांत उंच खांब पोटॅशियमचा, सर्वांत लांब परिच्छेद त्याचाच, आणि ‘या वनस्पतीत पोटॅशियम-४० सर्वाधिक आढळले, तिचे सेवन जपून करावे’ असा सल्लाही त्याच्याच जिवावर. हे वाचले की मी चष्मा काढून ठेवतो.

आणि जे महत्त्वाचे, ते तुमच्या रकान्यांतच नसते. रेडॉन-२२२ जमिनीतून हवेत येतो, ३.८ दिवसांच्या अर्धायुष्याने क्षय पावतो, आणि त्याची कन्याद्रव्ये, म्हणजे क्षयातून तयार होणारी द्रव्ये, धूलिकणांवर बसून पानांवर उतरतात. त्यांच्यातले टिकाऊ ते शिसे-२१०, अर्धायुष्य २२ वर्षे. त्याच्यापासून पुढे बिस्मथ-२१० आणि त्यापासून पोलोनियम-२१०, अर्धायुष्य १३८ दिवस. लवदार, चिकट, रुंद पाने ही धूळ छान धरतात. तंबाखूच्या पानात पोलोनियम असल्याचे रॅडफर्ड आणि हंट यांनी १९६४ मध्येच दाखवले, आणि पानावरची लव हे त्यामागचे एक कारण मानले जाते. दगडफूल आणि शेवाळ यांना तर खरी मुळेच नाहीत, बहुतेक सगळे हवेतूनच घ्यायचे, त्यामुळे त्यांच्यात ते आणखी साठते. औषधी वनस्पतींत लवदार पाने, साली, दगडफुले यांची कमतरता नाही. मग मातीतल्या रेडियमशी पानातल्या पोलोनियमचा संबंध शोधून हाती काय लागणार? ते मुळातून आलेलेच नाही, वरून पडले आहे.

पोलोनियम गॅमा वर्णपटात दिसत नाही, हे मला ठाऊक आहे. शिसे-२१० चे ४६.५ किलो इलेक्ट्रॉनव्होल्टचे शिखर दिसते, पण ते इतके कमी ऊर्जेचे की भुकटीतच शोषले जाते, आणि मातीच्या घनतेवर केलेले अंशांकन हलक्या पाल्याला लावले तर आकडा भलताच येतो. पोलोनियमसाठी आम्लात नमुना विरघळवा, पोलोनियम-२०९ चा मापक मिसळा, चांदीच्या चकतीवर पोलोनियम बसवा आणि अल्फा मोजा. काम किचकट आहे, वाफांचे आहे, पण अवघड नाही. एवढेच सांभाळा की नमुना भट्टीत जाळून राख करू नका. पोलोनियम उडून जाते. राखेत ते सापडले नाही म्हणून ‘पोलोनियम नगण्य’ असे लिहिणे म्हणजे खिडकी उघडून पाखरे मोजण्यातला प्रकार.

तारीख लिहायलाही विसरू नका. पान कधी तोडले आणि कधी मोजले, हे दोन्ही. ताज्या पानावर हवेतून उतरलेल्या मालात शिसे जास्त आणि पोलोनियम थोडे असते. पान पोत्यात पडून राहिले की शिसे क्षय पावत राहते आणि पोलोनियम त्याच्या पातळीपर्यंत चढत जाते. वर्षभरात जवळपास पंच्याऐंशी टक्के वाटचाल होते. म्हणजे ताज्या पाल्यापेक्षा जुन्या साठ्यात पोलोनियम अधिक असू शकते. किरणोत्सार ठेवल्याने कमीच होतो, असे समजणाऱ्यांना हे उलटे वाटते. मलाही पहिल्यांदा उलटेच वाटले होते, म्हणून वहीत गणित दोनदा करून पाहिले होते.

आता तुम्ही जे मोजता, त्याच्या नावांकडे वळतो. ‘थोरियम-२३२’ म्हणून जो आकडा छापता, तो बहुधा ॲक्टिनियम-२२८ च्या ९११ किलो इलेक्ट्रॉनव्होल्टच्या शिखरावरून किंवा थॅलियम-२०८ च्या ५८३ वरून काढलेला असतो. मातीत ठीक आहे, तिथे साखळी बव्हंशी समतोलात असते, म्हणजे तिच्यातल्या सगळ्या द्रव्यांचे बेकेरेल सारखे असतात. वनस्पतीत नाही. थोरियम मातीत घट्ट बसलेले असते, मूळ त्याला फारसे घेत नाही. रेडियम मात्र कॅल्शियमच्या घराण्यातले, ते कॅल्शियमच्या वाटेने आत शिरते. त्यामुळे पानात ॲक्टिनियमचे शिखर दिसले तर ते रेडियम-२२८ चे असते, ॲक्टिनियमच्या आजोबाचे, म्हणजे थोरियम-२३२ चे नव्हे. थॅलियमचे शिखर सांगते थोरियम-२२८ बद्दल, जे पानात गेलेल्या रेडियमपासून सावकाश वाढत असते. दोन शिखरांचे आकडे जुळले नाहीत की तुम्ही सरासरी काढता. ती न जुळणारी जोडीच तर खरी बातमी होती! तीच कथा बिस्मथ-२१४ वरून ‘युरेनियम-२३८’ लिहिण्याची. ते रेडियम-२२६ आहे, तसेच लिहा. आणि गुणकांतला फरक लहान नाही: गिळलेल्या रेडियम-२२८ चा गुणक थोरियम-२३२ च्या तिप्पट आहे.

रेडियमसाठी, आत रेडॉन साठावा म्हणून, डबा महिनाभर बंद ठेवला, असे सगळे लिहितात. कोणता डबा, हे कुणी लिहीत नाही. रेडॉन पातळ प्लास्टिकमधून आणि सैल झाकणातून निसटतो. झाकणाच्या आट्यांवर साधी चिकटपट्टी गुंडाळून आम्हीही एके काळी समाधान मानत असू. मग एकदा तोच नमुना धातूच्या डब्यात झाळून मोजला आणि आकडा वर सरकला. त्या दिवसापासून चिकटपट्टीवरचा माझा विश्वास उडाला.

माझी आणखी एक चूक सांगतो, म्हणजे मी उंच आसनावरून बोलतो आहे असे वाटणार नाही. एका मुळाच्या भुकटीत थोरियमच्या साखळीतली शिखरे चांगली ठसठशीत दिसली. मी अहवालात तसे लिहिले, ‘मूळ थोरियम साठवते’ अशी पुस्तीही जोडली. प्रत माझ्या टेबलावर होती तेवढ्यात एका तरुण सहकाऱ्याने उरलेली अख्खी मुळे मागून घेतली. नळाखाली धरून मऊ ब्रशने घासली, सुरकुत्यांत टोकदार काडी घालून माती काढली, वरची साल खरवडली. पांढऱ्या थाळीत तळाशी तपकिरी गाळ जमला. तो गाळ वेगळा वाळवला, मुळे वेगळी वाळवली, दोन्ही मोजले. मुळातली शिखरे पार्श्वभूमीत बुडाली. गाळात ती ताठ उभी होती. वनस्पतीने काही साठवले नव्हते, आम्ही माती दळली होती. मूळ वापरणारा माणूस ते धुऊन घेतो की तसेच कुटतो, याच्यावर त्याला मिळणारा थोरियम ठरणार होता, आणि ती माहिती कुठल्याही शिखरात नव्हती. म्हणून विनंती की टायटॅनियम मोजा. वनस्पती ते फारसे घेत नाही, मातीत ते भरपूर असते. भुकटीत टायटॅनियम दिसले की किती माती मिसळली आहे, ते कळते.

मातीबद्दल थोडे सविस्तर बोलतो, कारण तुमच्या शीर्षकात ती असते आणि निबंधात तिला दोन ओळी मिळतात. संयुक्त राष्ट्रांच्या वैज्ञानिक समितीने २००० साली दिलेले जगाच्या मातीचे मध्यक म्हणजे किलोला ४०० बेकेरेल पोटॅशियम-४०, ३५ रेडियम-२२६ आणि ३० थोरियम-२३२. तुमची माती त्याहून वर की खाली, एवढ्यावर चर्चा संपते. मातीत किती आहे यापेक्षा झाडाच्या हाती किती लागते, हा प्रश्न मोठा. मोनाझाइटची वाळू घ्या, केरळच्या किनाऱ्यावरची किंवा ब्राझीलमधल्या ग्वारापारीची. थोरियम भरपूर, पण ते अशा खनिजाच्या कणांत बंद आहे की पाण्याने सहसा सुटत नाही. इराणमधल्या रामसरला उलट आहे: तिथे गरम झऱ्यांच्या कढत पाण्याने रेडियम खालून विरघळवून वर आणले आणि चुनखडीच्या थरांत टाकले. एके ठिकाणी कुलूपबंद, दुसऱ्या ठिकाणी पाण्याबरोबर हिंडणारे. वर्णपटमापीतल्या जर्मेनियमच्या स्फटिकाला हा फरक दिसत नाही, मुळाला दिसतो. मातीचा सामू, चिकणमाती, कॅल्शियम, सेंद्रिय द्रव्य आणि सौम्य द्रावणात सुटणारा भाग हे मोजल्याशिवाय मातीचा रकाना भरला असे म्हणता येत नाही. शेतात लावलेली वनस्पती असेल तर फॉस्फेटी खताची चौकशी करा, त्याच्याबरोबर युरेनियमच्या साखळीतली द्रव्येही येतात.

संक्रमण गुणांक हा वनस्पतीतला आकडा भागिले मातीतला आकडा. पोटॅशियमच्या बाबतीत तो फसवा आहे. झाडाला जेवढे पोटॅशियम लागते तेवढे ते घेते. मातीत ४०० आणि पानात ६०० असेल तर गुणांक दीड. मातीत २०० आणि पानात तेच ६०० असेल तर तीन. झाडाने काहीच वेगळे केलेले नाही, भाजक निम्मा झाला. तरी निष्कर्षात लिहिलेले असते की दुसऱ्या ठिकाणची वनस्पती पोटॅशियम-४० ‘दुप्पट साठवते’.

औषध घेण्याची रीतही मात्रेच्या हिशोबात यायला हवी. चूर्ण पोटात सगळे जाते. काढ्यात पाण्यात उतरलेले तेवढेच जाते, बाकीचे चोथ्यात राहते. पोटॅशियमचे क्षार पाण्यात सहज उतरतात, थोरियम जवळजवळ उतरत नाही. काढा आणि चोथा वेगवेगळा मोजण्याला एक गाळणी आणि दोन डबे लागतात. हे काम करणारे निबंध आहेत, पण थोडे. बाकी ठिकाणी सुक्या पाल्याचा आकडा तसाच काढ्याच्या पेल्यात ओततात.

एका जुन्या वाक्याचाही आधार फार घेतला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने १९९८ च्या वनस्पती-द्रव्यांच्या गुणवत्ता पुस्तिकेत म्हटले होते की वर्षाला २० किलोपेक्षा जास्त सेवन केले तरच लक्षणीय धोका संभवतो, म्हणून मर्यादा सुचवलेली नाही. पण ते वाक्य प्रामुख्याने अणुअपघातानंतरच्या प्रदूषणाच्या संदर्भात आले आहे. पोलोनियमचा प्रश्न त्याने निकालात निघत नाही. तसेच कोडेक्सच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्न-मानकांच्या, मर्यादा अणुअपघातानंतरच्या अन्नासाठी आहेत, आणि जनतेसाठीची वर्षाला एक मिलिसिव्हर्टची मर्यादा नैसर्गिक पार्श्वभूमीला लागूच होत नाही. तुलनाच करायची तर पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटना वापरते तो वर्षाला ०.१ मिलिसिव्हर्टचा निकष घ्या. तो निदान पोटात जाणाऱ्या गोष्टीसाठी आहे. वरच्या उदाहरणातली बेरीज त्याच्या निम्म्याहून थोडी जास्त होते, आणि नैसर्गिक स्रोतांपासून माणसाला सरासरी मिळणाऱ्या वर्षाच्या दोन-तीन मिलिसिव्हर्टच्या तुलनेत ती अगदी लहान आहे. भीती घालायला जागा नाही. डोळे झाकून ‘सुरक्षित’ म्हणायलाही नाही.

परीक्षक मंडळींना दोन शब्द. वनस्पतीच्या निबंधात रेडियम-तुल्य क्रियाशीलता दिसली की ती वगळायला सांगा, लेखक वगळतील. ‘२.३ ± १.९’ असे आकडे दिसले की शोधसीमा, म्हणजे उपकरणाला खात्रीने दिसणारी किमान पातळी, विचारा. इतक्या किरकोळ मात्रेवरून कर्करोगाच्या धोक्याचे पाच अंकी दशांश काढलेले असतील तर तो परिच्छेदच वगळायला सांगा. आंतरराष्ट्रीय आयोगानेच २००७ च्या शिफारशींत अतिसूक्ष्म मात्रांना मोठ्या लोकसंख्येने गुणून कर्करोगाचे बळी मोजू नका, असे बजावले आहे. वर्तमानपत्रात जातो तो नेमका हाच परिच्छेद, आणि मग नियमाने औषध घेणारा म्हातारा माणूस डबी बंद करून ठेवतो.

तुमच्यापैकी कुणी पुढच्या हंगामात नमुने गोळा करणार असाल, तर प्रत्येक वनस्पतीच्या दोन पुड्या करा, एक धुतलेली आणि एक न धुतलेली. तोडल्याची तारीख पुडीवर पेन्सिलीने लिहा, शाई ओलीने फुटते. शंभर ग्रॅम पाला आम्लासाठी बाजूला ठेवा, भट्टीपासून लांब. झाडाखालची माती मुळाच्या खोलीवरून घ्या, वरचा पालापाचोळा बाजूला सारून. आणि डब्याचे झाकण झाळून घ्या.

कळावे, लोभ असावा.

आपला,
शिशाच्या विहिरीवरचा एक जुना राखणदार